यात्रेकरू राणी

युरोप खंडाच्या पश्चिम टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी, पोर्तुगाल नावाचा एक लहानसा देश आहे. गोव्याच्या इतिहासामुळे ह्या देशाचे नाव आपल्या चांगलेच परिचयाचे आहे. वास्को द गामाची जहाजे १४९८ साली कालिकतच्या किनाऱ्याला लागली, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. त्याच्याही सुमारे पावणेदोनशे वर्षे आधी ह्या देशात एक राणी होऊन गेली. समुद्रावरील पराक्रमाशी तिचा काही संबंध नव्हता. तिने कोणतेही राज्य जिंकले नाही, कोणत्याही नगराला वेढा घातला नाही. पतीच्या निधनानंतर ती दूरच्या एका तीर्थाला गेली, आपला मुकुट तेथे ठेवला आणि हाती यात्रेकरूची काठी घेऊन परत आली. तिचे नाव इसाबेल.

इसाबेलचा जन्म १२७१ च्या सुमारास झाला. स्पेनच्या पूर्व भागात त्या काळी अरागॉन नावाचे स्वतंत्र राज्य होते. तेथील राजपुत्र पेद्रो हा तिचा पिता. हंगेरी देशातील एलिझाबेथ ही इसाबेलच्या आजीची सावत्र बहीण. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या ह्या राजकन्येने आपली संपत्ती रुग्णालय बांधण्यात वेचली होती आणि तेथे ती स्वतःच्या हातांनी रोग्यांची सेवा करीत असे. तिचेच नाव ह्या मुलीला ठेवण्यात आले. कारण इसाबेल हे एलिझाबेथ ह्याच नावाचे दुसरे रूप आहे. घराण्यातील थोर स्त्रीचे नाव मुलीला ठेवण्याची चाल आपल्याकडेही आहे. ते नाव पुढे असे सार्थ होईल, हे मात्र त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नसेल.

१२८२ साली पोर्तुगालचा राजा दिनीश ह्याच्याशी तिचा विवाह झाला. तेव्हा तिचे वय अकरा-बारा वर्षांचे, म्हणजे जवळजवळ तुमच्याएवढेच होते. विवाहाचा विधी बार्सेलोना नगरात पार पडला. पण त्या वेळी नवरदेव तेथे हजरच नव्हता! राजाने आपले प्रतिनिधी पाठविले होते. राजघराण्यांतील विवाह तेव्हा बहुधा राज्यांच्या सोयीसाठी ठरत, आणि वधूवरांची भेट पुढे सवडीने होई. काही महिन्यांनी, जून महिन्यात, त्रांकोझो ह्या गावी तिने आपल्या पतीला प्रथम पाहिले. तो वीस वर्षांचा होता. आईबाप, बोलीभाषा, घरचा उंबरा हे सारे मागे टाकून आलेल्या त्या मुलीला राजाने ओबिदुश हे तटबंदीचे सुंदर गाव भेट म्हणून दिले.

दिनीश हा राजा म्हणून थोर होता. त्याने शेतीला इतके उत्तेजन दिले की, पुढील पिढ्यांनी त्याला शेतकरी राजा असेच नाव दिले. समुद्राच्या वाळूने शेते बुजू नयेत म्हणून लैरिया येथील पाइन वृक्षांचे वन त्याने वाढविले. १२९० साली त्याने पोर्तुगालमधील पहिले विद्यापीठ स्थापन केले. राज्याचे कागदपत्र लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत लिहिले जावेत, असा त्याचा आग्रह होता. तो स्वतः उत्तम कवी होता आणि त्याची शंभराहून अधिक गीते आजही उपलब्ध आहेत. पती म्हणून मात्र त्याचे वर्तन निर्दोष नव्हते. इतर स्त्रियांपासून त्याला अनेक मुले झाली होती. इसाबेलच्या मनाला ह्याने काय यातना झाल्या असतील, ते तिने कोणाला बोलून दाखविल्याचे दिसत नाही. तिने एवढेच केले, की त्या मुलांना आपल्या मायेच्या छत्राखाली घेतले आणि त्यांच्या संगोपनाची व शिक्षणाची व्यवस्था केली. मुलांचा त्यात काय अपराध, असाच विचार तिने केला असावा.

तिला स्वतःला दोन अपत्ये झाली : कन्या कोन्स्तान्सा आणि पुत्र आफोन्सो.

राणीचा दिनक्रम कडक होता. पहाटे उठून ती प्रार्थना करी, उपवास करी, आणि मग गोरगरिबांच्या गाऱ्हाण्यांकडे वळे. सान्तारेम नगरात टाकून दिलेल्या अर्भकांसाठी एक अनाथगृह सुरू झाले होते. ते तडीस नेण्यात तिचा मोठा वाटा होता. तिच्या दानधर्माविषयी पोर्तुगालमधील प्रत्येक मुलाला ठाऊक असलेली एक कथा आहे. थंडीचे दिवस होते. गरिबांना वाटण्यासाठी राणीने आपल्या पदरात भाकरीचे तुकडे भरून घेतले होते. इतक्यात वाटेत राजा आडवा आला आणि पदरात काय आहे, असे त्याने दरडावून विचारले. गुलाबाची फुले आहेत, असे राणी भीतभीत म्हणाली. ऐन हिवाळ्यात गुलाब कोठले, म्हणून राजाने पदर उघडून दाखविण्याची आज्ञा केली. आणि पाहतो तो काय, आत खरोखरच टवटवीत गुलाब! कथा मोठी गोड आहे. परंतु अगदी हीच कथा हंगेरीच्या एलिझाबेथविषयीही सांगतात, तेव्हा ती इतिहास म्हणून घेता येत नाही. लोकांच्या मनात ह्या राणीचे चित्र कसे होते, ते तिच्यावरून कळते, एवढे खरे. ह्या कथेतील गुलाबांपेक्षा प्रत्यक्षात तिने जे केले ते अधिक कठीण होते.

१३१९ च्या सुमारास राजघराण्यात कलहाचा वणवा पेटला. राजाचा आपल्या दुसऱ्या एका पुत्रावर, आफोन्सो सांचेश ह्याच्यावर, विशेष लोभ होता. आपल्याला डावलून बाप त्यालाच गादी देईल, ह्या भयाने राणीचा मुलगा आफोन्सो बंड करून उठला. बाप आणि लेक परस्परांविरुद्ध सैन्ये जमवू लागले. राणी मुलाला चोरून साहाय्य करीत आहे, असा संशय राजाच्या मनात कोणी तरी भरविला. राजाने तिचे उत्पन्न काढून घेतले आणि तिला आलेंकेर गावी जवळजवळ नजरकैदेत ठेवले. अशा वेळी काही सरदारांनी तिच्या बाजूने शस्त्र उचलण्याची तयारी दाखविली, पण तिने त्यांना परत पाठविले. पतीच्या आज्ञेविरुद्ध एकही तलवार म्यानाबाहेर निघता कामा नये, असा तिचा निश्चय होता. तरीही दोन्ही पक्षांमध्ये समेट घडविण्याची खटपट तिने एक दिवसही सोडली नाही.

१३२३ साली लिस्बनजवळच्या मैदानात दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली. एका बाजूला पती, दुसऱ्या बाजूला पुत्र. कोणीही जिंकले तरी हार तिचीच होणार होती. त्या क्षणी ती एका खेचरावर बसून दोन्ही सैन्यांच्या मधोमध गेली. तिच्याबरोबर ना ढाल होती, ना रक्षक. तिला पाहून लढाई थांबली. पुढल्या वर्षी बापलेकांचा तह झाला. त्या प्रसंगाची आठवण देणारा शिलास्तंभ लिस्बन शहरात आजही उभा आहे.

तहानंतर थोड्याच दिवसांत राजा आजारी पडला. ज्याने आपल्याला घराबाहेर काढले, त्याच्या उशाशी राणी रात्रंदिवस बसली. औषधपाणी ती स्वतःच्या हाताने करी. ७ जानेवारी १३२५ रोजी सान्तारेम येथे दिनीशचा अंत झाला. त्रेचाळीस वर्षांपूर्वी त्रांकोझोला भेटलेला तो तरुण आता राहिला नव्हता. राजाने स्वतः स्थापन केलेल्या ओदिव्हेलाश येथील मठात त्याचे दफन झाले.

राणीने राजवस्त्रे उतरविली आणि संत क्लारेच्या पंथातील मठवासिनी घालीत तसा जाडाभरडा झगा अंगावर चढविला. हा पंथ दारिद्र्याचे व्रत फार कडकपणे पाळणारा होता. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. राणीने त्या पंथाचा वेष घेतला, परंतु दीक्षा घेतली नाही. आणि आपण दीक्षा घेतलेली नाही, हे तिने लेखी जाहीर करून ठेवले. ह्याचे कारण असे, की दीक्षा घेणाऱ्या स्त्रीला स्वतःचे म्हणून काहीच बाळगता येत नसे. राणीच्या नावावर गावे होती, त्यांचा वसूल होता. ते सारे सोडून दिले, तर ती मोकळी झाली असती. पण त्या उत्पन्नावर ज्यांचे पोट भरायचे, त्या अनाथांचे आणि रोग्यांचे काय झाले असते? म्हणून तिने वैभवाचा उपभोग टाकला आणि वैभवाची जबाबदारी तेवढी जवळ ठेवली. शोकाच्या पहिल्याच दिवसांत इतका शांत विचार करता येणे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

मग ती यात्रेला निघाली.

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सान्तियागो दे कोम्पोस्तेला नावाचे नगर आहे. येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी याकोब ह्याची समाधी तेथे आहे, अशी ख्रिस्ती लोकांची हजाराहून अधिक वर्षांपासूनची श्रद्धा आहे. आपल्याकडे आषाढीला चहूकडून दिंड्या पंढरपूरच्या वाटेला लागतात; त्याचप्रमाणे फ्रान्स, जर्मनी, इटली, पोर्तुगाल अशा देशांतून ह्या नगराकडे यात्रेकरूंच्या वाटा येतात. मध्ययुगात ह्या वाटेने निघालेला माणूस दुरूनही ओळखू येई. अंगावर जाड कांबळ्यासारखा झगा, डोक्याला रुंद काठाची टोपी, खांद्याला झोळी, हातात उंच काठी आणि टोपीवर किंवा झोळीवर समुद्रातला एक पसरट शिंपला. शिंपला ही ह्या यात्रेची खूण, जशी वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ. काठीचा उपयोग चढउतारावर आधारासाठी, ओढ्यातील पाण्याचा ठाव घेण्यासाठी आणि प्रसंगी कुत्र्यालांडग्यांना हाकण्यासाठी होई. वाटेवर ठिकठिकाणी मठ आणि धर्मशाळा असत. तेथे यात्रेकरूला रात्रीपुरता निवारा आणि भाकरीचा तुकडा मिळे; आजारी पडला तर शुश्रूषा आणि मेला तर मूठभर मातीही मिळे.

लोक ह्या यात्रेला नाना कारणांनी निघत. कोणाचा नवस असे, तर कोणाला पापाचे प्रायश्चित्त घ्यायचे असे. पुष्कळ जण आपल्या मृत माणसासाठी चालत. जिवंत माणसांनी केलेली प्रार्थना, सोसलेले कष्ट आणि दिलेले दान ह्यांचे पुण्य गेलेल्या जीवाला लाभते, अशी त्यांची समजूत होती. श्राद्धाच्या दिवशी पितरांच्या नावाने अन्नदान करणाऱ्या आपल्या लोकांना ही भावना सहज समजेल. राजा दिनीशच्या आत्म्याला शांती लाभावी, हाच इसाबेलच्या यात्रेचा हेतू होता. ज्याच्या हातून तिला सुखाबरोबर दुःखही पुष्कळ मिळाले, त्याच्यासाठी ती निघाली होती.

पोर्तुगालमधून जाणारी ही वाट उत्तरेकडे जाते. कोइंब्रा नगरापासून मोजले, तरी सान्तियागो सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास येते, ह्यावरून त्या अंतराची कल्पना करावी. वाटेत दोउरो आणि मिन्यो ह्या मोठ्या नद्या ओलांडाव्या लागतात. मिन्योच्या पलीकडे स्पेनचा गालिसिया प्रांत लागतो. तेथे डोंगर हिरवे, पाऊस भरपूर आणि दगडी पायवाटा निसरड्या. राणीचे वय तेव्हा चौपन्न वर्षांचे होते. फारसा गाजावाजा न करता, थोडी माणसे बरोबर घेऊन ती निघाली. प्रवासाचा बराचसा भाग तिने वाहनावरून केला असावा. परंतु सान्तियागो नगर एक कोसभर राहिले आणि देवालय प्रथम दृष्टीस पडले, तेव्हा ती खाली उतरली आणि तेथून पुढची वाट तिने पायी चालून काढली, असे तिच्या जुन्या चरित्रात नमूद केलेले आहे. पंढरीचा कळस दुरून दिसताच वारकरी थबकतो आणि हात जोडतो, ते ज्याने पाहिले असेल, त्याला राणी वाहनावरून का उतरली, हे निराळे सांगावयास नको.

२५ जुलै हा संत याकोबाच्या उत्सवाचा दिवस. त्या दिवशी देवालय माणसांनी फुलून गेलेले असे. मुख्य धर्मगुरूंनी पूजाविधी चालविला असता राणी पुढे झाली आणि तिने आपली अर्पणे वेदीपुढे ठेवली. त्यांत पोर्तुगाल आणि अरागॉन ह्या दोन्ही राजघराण्यांची चिन्हे विणलेली भरजरी वस्त्रे होती. मौल्यवान पात्रे होती. सोन्याचांदीने मढविलेला लगाम घातलेले एक खेचर होते. आणि ह्या सर्वांत अमोल असा तिचा रत्नजडित मुकुट होता. ज्या मुकुटांनी तिचे मस्तक भूषविले होते, त्यांतील सर्वांत उत्तम असा तो मुकुट तिने तेथेच ठेवला.

धर्मगुरूंनी तिला त्याबदली काय दिले? यात्रेकरूची एक झोळी आणि एक काठी. एवढ्या संपत्तीच्या मोबदल्यात ही भेट व्यवहारी माणसाला हास्यास्पद वाटेल. राणीने मात्र ती काठी पुढे जन्मभर जपली.

परत आल्यावर तिने आपले वास्तव्य कोइंब्रा येथे केले. मोंडेगो नदीच्या काठी संत क्लारेच्या पंथाचा एक मठ पूर्वी स्थापन झाला होता, पण वादविवादात सापडून तो बंद पडला होता. पती हयात असतानाच, १३१४ साली, राणीने त्याची पुन्हा स्थापना केली होती. आता त्या मठाशेजारीच एक घर बांधून ती राहू लागली. जवळच तिने गरिबांसाठी एक रुग्णालय उभारले. त्यात पंधरा पुरुष आणि पंधरा स्त्रिया राहतील, अशी सोय होती. त्या रुग्णालयाला तिने हंगेरीच्या एलिझाबेथचे नाव दिले. लहानपणी जिच्या नावाचा वारसा मिळाला, तिच्या कामाचाही वारसा तिने असा चालविला. राणी रोग्यांच्या खाटांपाशी जाई, त्यांच्या जखमा बांधी, त्यांना भरवी. जिने चाळीस वर्षे सिंहासनाशेजारी बसून काढली, तिला ह्या कामात कमीपणा वाटला नाही.

१३३० साली मठाच्या नव्या देवालयाचे काम पुरे झाले. राणीने स्वतःसाठी दगडी शवपेटीही आधीच घडवून घेतली होती. एकाच प्रचंड दगडातून कोरलेल्या ह्या पेटीच्या झाकणावर राणीची निजलेली मूर्ती आहे. शिल्पकाराने तिच्या डोक्यावर मुकुट दाखविला आहे खरा. पण अंगावर मठवासिनीचा झगा आहे, बाजूला शिंपला लावलेली झोळी आहे आणि हाताशी ती काठी आहे. आपली आठवण कोणत्या रूपात राहावी, हे तिने स्वतःच ठरविलेले दिसते. दुसऱ्याच वर्षी मोंडेगोला पूर आला आणि देवालयात पाणी शिरले. मग शवपेटी पाण्यापासून दूर राहावी म्हणून राणीने देवालयात उंचावर दुसरा मजला बांधविला.

१३३३ साली कोइंब्रात मोठा दुष्काळ पडला. धान्य महागले, माणसे उपासमारीने रस्त्यात पडू लागली. राणीने आपली कोठारे खुली केली आणि आणखी धान्य विकत घेऊन वाटले. जे मेले, त्यांच्या दफनाचीही तिने व्यवस्था लावली. असेच देत राहिले तर घरातील माणसांपुरतेही उरणार नाही, अशी भीती तिच्या कारभाऱ्यांना वाटू लागली. पण तिने हात आखडला नाही. आठ वर्षांपूर्वी तिने दीक्षा का घेतली नव्हती आणि आपले उत्पन्न आपल्या हाती का ठेवले होते, ह्याचे उत्तर त्या वर्षी कोइंब्राच्या रस्त्यांवर सर्वांनी पाहिले.

१३३५ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ती पुन्हा एकदा सान्तियागोला गेली, असे तिच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. ह्या खेपेस अर्पण करण्यासाठी मुकुट नव्हता आणि वाहनही नव्हते. दोन-चार स्त्रिया सोबतीला घेऊन, गरिबाघरच्या बाईचा वेष करून ती सगळी वाट पायी चालली. वाटेत भिक्षा मागून ती खाई. दारात उभी असलेली ही वृद्ध यात्रेकरू आपली राणी आहे, हे भाकरी घालणाऱ्या बायकांना ठाऊक नव्हते. दान देणे तिला आयुष्यभर माहीत होते. दान घेणाऱ्याच्या मनाला काय वाटते, ते तिला ह्या वाटेवर प्रथम कळले असेल.

ह्यानंतर तिला विश्रांती मिळावयास हवी होती, पण ती मिळाली नाही. तिचा पुत्र आफोन्सो आता पोर्तुगालचा राजा होता. शेजारच्या कास्तिल राज्यावर अल्फोन्सो अकरावा राज्य करीत होता. तो तिच्या मृत कन्येचा, कोन्स्तान्साचा, मुलगा. पोर्तुगालच्या राजाची लेक मारिया त्याला दिली होती आणि तो तिला नीट वागवीत नव्हता. त्यावरून मामा आणि भाचा, म्हणजेच सासरा आणि जावई, युद्धाला सिद्ध झाले. पुन्हा तेच! पूर्वी पती आणि पुत्र, आता पुत्र आणि नातू. १३३६ च्या कडक उन्हाळ्यात ती वृद्ध राणी मुलाची समजूत घालण्यासाठी सीमेजवळच्या एश्त्रेमोश गावी जाण्यास निघाली. बरोबरच्या लोकांनी उन्हाचे आणि तिच्या वयाचे कारण सांगून तिला थांबविण्याचा प्रयत्न केला. तिने ऐकले नाही. एश्त्रेमोशला पोचल्यावर ती आजारी पडली आणि ४ जुलै १३३६ रोजी तेथील किल्ल्यात तिने देह ठेवला. मृत्युसमयी पुत्र जवळ होता.

तिच्या मरणाने युद्ध टळले, असे कोठे कोठे लिहिलेले आढळते. ते खरे नाही. मामाभाच्यांची सैन्ये लढलीच, आणि पुढे तीन वर्षांनी, १३३९ साली, त्यांचा तह झाला. लिस्बनच्या मैदानात जे साधले, ते एश्त्रेमोशला साधले नाही.

आपले दफन कोइंब्राच्या मठात व्हावे, अशी तिची इच्छा होती. भर जुलैच्या उन्हात शव इतक्या दूर नेणे धोक्याचे आहे, असे पुष्कळांचे मत पडले. तथापि पुत्राने आईची इच्छा मोडली नाही. सुमारे आठवडाभर वाटचाल करून लोकांनी तिचा देह कोइंब्राला आणला. तिनेच घडवून घेतलेल्या दगडी पेटीत तो ठेवण्यात आला.

ख्रिस्ती धर्मपीठाने १६२५ साली तिला संतपद दिले. त्याआधी, १६१२ साली, चौकशीसाठी तिची शवपेटी उघडण्यात आली होती. जमलेल्या लोकांना आत राणीच्या देहाशेजारी सान्तियागोहून आणलेली ती काठी सापडली.

मोंडेगोचे पाणी मात्र मठाचा पिच्छा सोडीना. पुरामागून पूर येत राहिले, तेव्हा १६७७ साली मठवासिनींनी ती जागा सोडली आणि जवळच्या टेकडीवर नव्या मठात बिऱ्हाड हलविले. राणीचा देहही त्यांनी बरोबर नेला. जुने देवालय हळूहळू अर्धे चिखलात बुडाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे उत्खनन करून गाळ उपसण्यात आला, आणि २००९ सालापासून ते लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. सान्तियागोची वाट आजही वाहती आहे. दरवर्षी जगभरातील लाखो लोक तिच्यावरून चालतात. कोणी श्रद्धेने, कोणी हौसेने, तर कोणी दिवंगत पतीच्या किंवा पत्नीच्या नावाने रुग्णालयासाठी निधी जमवीत चालतात. लिस्बन आणि कोइंब्राहून निघालेले यात्रेकरू राणीच्याच वाटेने उत्तरेकडे जातात. कोइंब्रात सम वर्षांच्या जुलै महिन्यात तिची मिरवणूक निघते. रात्रीच्या वेळी हजारो माणसे हातांत मेणबत्त्या घेऊन तिच्या मूर्तीबरोबर टेकडीवरून खाली उतरतात, मोंडेगोवरील पूल ओलांडतात आणि तिला शहरात घेऊन जातात.